रोज कामाला जाणारे घर कर्जात का राहते?

डिचोलीच्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा धाकटा भाऊ एका औद्योगिक वसाहतीत, कंत्राटदारामार्फत, पॅकिंग विभागात गेली सहा वर्षे काम करतो. रोज ५५० रुपये आणि महिन्याला २६ दिवस असा हिशोब आहे. भावजय किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात खोल्यांच्या साफसफाईचे काम महिना १०,००० रुपयांवर करते, परंतु ते ऑक्टोबर ते मे एवढेच. पावसाळ्यात तिला घरी बसवतात. घरात दोन शाळकरी मुले आणि साठी ओलांडलेली आई आहे. दोन वर्षांपूर्वी शाळा सुरू होताना एका खासगी सावकाराकडून शेकडा पाच दराने २०,००० रुपये घेतले, त्याचे दरमहा १,००० रुपये व्याज जाते आणि मुद्दल तसेच उभे आहे. भावाला व्यसन नाही. तरीही नातेवाईक म्हणतात की, याला पैसा राखता येत नाही. भगिनी विचारतात की, गोव्यासारख्या श्रीमंत राज्यात दोघे राबूनही घर वर का येत नाही, आणि भावाने नोकरी सोडून, कर्ज काढून, खाण्याच्या पदार्थांचा गाडा टाकावा का?

माझी सारी नोकरी कारखान्यांच्या पगार विभागात गेली आणि आता मी कामगारांचे पगाराचे व भविष्यनिर्वाह निधीचे हिशोब तपासून देतो. त्यामुळे माझे उत्तर हजेरीपट आणि पगाराची स्लिप यांच्या अंगाने जाणारे आहे.

प्रथम नातेवाइकांच्या आरोपाबद्दल. अल्प वेतनावर काम करणाऱ्या घराची चौकशी आपण नेहमी खर्चाच्या बाजूने सुरू करतो आणि मोबाइल, कपडे, चतुर्थीचा खर्च अशा गोष्टी मोजू लागतो. माझ्या अनुभवात अशा घरांत उधळपट्टीला जागाच उरलेली नसते. खरा प्रश्न असा विचारला पाहिजे की, ठरलेल्या रोजंदारीपैकी किती रुपये वर्षाच्या कोणत्या महिन्यात घरात येतात आणि ते किती तोंडांना पुरवायचे असतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनाही काम करणाऱ्या गरिबांची गणना करताना माणसाचा पगार एकटा पाहत नाही. काम असूनही ज्याचे कुटुंब दारिद्र्यरेषेखाली राहते, त्याला ती या वर्गात धरते. विकसनशील देशांत ही माणसे संख्येने मोठी आहेत, कारण तिथे बेकार बसून राहणे गरिबाला परवडतच नाही. तो मिळेल ते काम करतो आणि गरीबही राहतो.

आता भावाचाच हिशोब मांडू. ५५० रुपये गुणिले २६ म्हणजे १४,३०० रुपये. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,७१६ रुपये, आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) ०.७५ टक्के, म्हणजे १०८ रुपये कापले की हातात १२,४७६ रुपये येतात. हंगामात भावजयीचे १०,००० मिळवले की घरात २२,४७६ रुपये येतात. पाच माणसांत माणशी दिवसाला सुमारे १५० रुपये. जून ते सप्टेंबर हाच आकडा ८३ रुपयांवर उतरतो. वर्षाची सरासरी काढली तर तो सुमारे १२८ दिसतो. जागतिक बँकेने जून २०२५ पासून अतिदारिद्र्याची रेषा माणशी रोज ३ डॉलर अशी धरली आहे, पण ती बाजारातल्या विनिमय दराने मोजायची नसते. क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या पैशात इथे किती वस्तू येतात याच्या, हिशोबाने तिची रुपयांतली किंमत बरीच कमी भरते. त्या रेषेने मोजल्यास तुमच्या भावाचे घर वर्षाच्या सरासरीत गरिबांत बसणारच नाही. परंतु कोणतेही घर सरासरीवर जगत नाही. शाळेची पुस्तके, गणवेश, रेनकोट, छपराची डागडुजी आणि चतुर्थी हे सारे नेमके ज्या चार महिन्यांत येते, त्याच चार महिन्यांत एक पगार बंद असतो. सावकाराचे कर्ज जूनमध्ये का काढावे लागले, याचे उत्तर इथे आहे. त्यात भावाच्या स्वभावाचा काही संबंध मला दिसत नाही.

यात परिस्थितीनुसार फरक पडतो, हे मान्य केले पाहिजे. तुमचे घर वडिलोपार्जित असावे, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते, कारण भाड्याचा उल्लेख कुठेच नाही. डिचोली, सत्तरी, पेडण्यातील पुष्कळ कामगार स्वतःच्या किंवा मुंडकारीच्या, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेतल्या, घरात राहतात. मुंडकारांना घरातून काढण्यापासून १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. परसात दोन माड आणि थोडी भाजी असेल तर तेवढा बाजार वाचतो. याच पगारावर झुआरीनगरात खोली घेऊन राहणाऱ्या, गदग किंवा झारखंडहून आलेल्या कामगाराचे चित्र पूर्ण वेगळे असते. त्याला खोलीभाडे द्यावे लागते, गावी पैसे पाठवावे लागतात आणि राज्याच्या योजनांच्या वास्तव्याच्या अटींत तो बसत नाही. बांदा, सावंतवाडीहून रोज ये-जा करणाऱ्यांचे दोन-तीन तास आणि बसभाडे जाते, पण घर स्वतःचे असते. तेव्हा ५५० रुपये पुरतात का, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही.

किमान वेतन कशाच्या आधारे ठरवायचे, याचा विचार आपल्या देशात १९५७ सालीच झाला होता. त्या वर्षीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने एका कमावत्यामागे तीन उपभोग-घटक धरले: कामगार १, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रत्येक घटकाला २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन-दिव्यासारख्या खर्चासाठी किमान वेतनाचा २० टक्के भाग, असे ते सूत्र होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले. यात म्हातारी आई कुठेही नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या भावाच्या घरात तिला ०.८ धरले तरी ३.८ घटक होतात. म्हणजे सूत्र तंतोतंत पाळले गेले असते तरीही त्याच्या घरात ते कमी पडले असते. आणि देशपातळीवरचा किमान आधारदर तर २०१७ पासून दिवसाला १७६ रुपयांवरच राहिला. २०१९ साली अनुप सत्पथी यांच्या समितीने तो ३७५ करावा असे सुचवले होते. गोव्याचे किमान वेतन या आधारदराच्या कितीतरी वर आहे, पण सूत्र आणि दर यांच्यातले अंतर इथेही कामगाराच्या घरातच भरून काढले जाते.

मग श्रीमंत राज्यात मजुरी वाढत का नाही? दरडोई उत्पन्न म्हणजे कामगाराचे उत्पन्न नव्हे, हे आधी बाजूला काढू. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात तयार होणाऱ्या मालाचे मूल्य गोव्याच्या उत्पन्नात मोजले जाते. त्यातला नफा मुंबईला किंवा परदेशी गेला तरी मोजणीत फरक पडत नाही. दुसरे कारण अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडले होते. शेतीत अडकलेल्या, अर्धवट काम असलेल्या माणसांचा मोठा साठा जोवर शिल्लक असतो, तोवर कारखान्याला त्या माणसाच्या गावातल्या मिळकतीपेक्षा थोडीशी जास्त मजुरी देऊन हवी तेवढी माणसे मिळतात, आणि उत्पादन वाढले तरी मजुरी हलत नाही. तुमच्या भावाची मजुरी डिचोलीत ठरत नाही. गुमला किंवा बालेश्वरच्या खेड्यातला तरुण किती रुपयांसाठी रेल्वेत बसायला तयार आहे, यावर ती ठरते. यासाठी परप्रांतीयांना दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. तो तरुण तुमच्या भावाहून अधिक अडचणीत आहे, आणि दोघांचा कंत्राटदार बहुधा एकच असतो. मजुरी खाली ओढण्याचे काम कायद्याची अंमलबजावणी ढिली असल्यामुळे सोपे होते.

अंमलबजावणीचा हा भाग माझ्या रोजच्या कामाचा असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो. पगाराच्या स्लिपमध्ये लोक शेवटचा आकडा पाहतात. मी प्रथम ‘भरलेले दिवस’ हा रकाना पाहतो. एक दिवस बुडाला की कपाती वजा जाता ४८० रुपये जातात. कंत्राटदार वर्षातून एकदा जो ‘ब्रेक’ देतो, म्हणजे काही दिवस कामावरून थांबवतो, तो वीस दिवसांचा असेल तर ९,६०० रुपये गेले. नंतर पाहतो तो ‘इतर वजावट’ हा रकाना. अलीकडेच एका कामगाराच्या स्लिपवर तिथे ४५० रुपये होते आणि ते कशाचे, हे त्याला सांगता येईना. सलग स्लिपा मांडून पाहिल्यावर कळले की, सुरक्षा बुटांचे पैसे हप्त्याने कापले जात होते आणि बुटांची किंमत केव्हाच फिटलेली असूनही कपात चालूच होती. कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज पगारातून काही कापता येत नाही, आणि सुरक्षेची साधने कामगाराच्या खर्चाने द्यायची नसतात.

ओव्हरटाइम मी वरच्या हिशोबात धरला नव्हता, कारण तुम्ही लिहिता की तो ‘सिंगल’, म्हणजे नेहमीच्याच दराने, आणि रोखीने मिळतो. हे बेकायदा आहे. जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. भावाचा तासाचा दर ६८ रुपये ७५ पैसे होतो, दुप्पट १३७ रुपये ५० पैसे. महिन्याला ४० तास जादा काम होत असेल तर त्याला २,७५० ऐवजी ५,५०० रुपये मिळायला हवेत. भावजयीच्या बंद पडलेल्या पगाराचा चौथा हिस्सा एवढ्यातच भरून निघतो.

नंतर भविष्यनिर्वाह निधी. भावाने उमंग ॲपवर पासबुक उघडून पाहावे. कंत्राटदार बदलला की नवा कंत्राटदार पुष्कळदा जुना यूएएन, म्हणजे निधीचा कायमचा सदस्य क्रमांक, न विचारता नवाच क्रमांक काढतो, आणि सहा वर्षांच्या नोकरीचे तीन तुकडे तीन खात्यांत पडून राहतात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, म्हणजे भावाच्या बाबतीत १,१९१ रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि त्या निवृत्तिवेतनासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते. नोकरी तुटल्यावर अर्ज भरून निवृत्तिवेतनाचे पैसे काढून घेतले की मागची सेवा पुसली जाते. अडचणीत माणूस ते करतो आणि मी त्याला नावे ठेवत नाही. पण खाती एकत्र करून घेतली तर निदान काय गमावतो आहोत ते त्याला दिसते. या निधीला जोडलेला सेवेतील मृत्यूचा विमा ७ लाखांपर्यंत असतो, म्हणून नामनिर्देशनही त्याच वेळी करून घ्यावे. राज्य विमा योजनेचे तसेच आहे. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत ७८ दिवस भरलेले असावे लागतात. पण कामगार ताप आला की जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातो, पदरचे पैसे देतो, विमा दवाखान्याचा दाखला घेत नाही आणि बुडालेले दिवसही सोसतो. दरमहा १०८ रुपये भरून ज्याचा हक्क मिळवला, तो असा वाया जातो.

उपदान म्हणजे ग्रॅच्युइटीचा प्रश्न अधिक किचकट आहे. त्याच कंत्राटदाराकडे वर्षात २४० दिवस भरत असतील तर ब्रेक असूनही सेवा सलग धरली जाते, आणि भावाच्या दराने प्रत्येक वर्षामागे ८,२५० रुपये होतात. कंत्राटदार बदलत गेले असतील तर कागद पाहिल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत एका वर्षानंतरही उपदान मिळण्याची तरतूद त्यांत आहे. भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असाही नियम आला. तेव्हा भावाच्या नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते पाहावे. नेमणूकपत्रच नसेल तर ते आधी मागावे.

आतापर्यंतचे सांगायचे तर, घराची कोंडी तीन ठिकाणी आहे: चार महिने बंद असलेला एक पगार, स्लिपमध्ये गळणारे पैसे, आणि सावकार. पैकी सावकाराचा निकाल सर्वांत आधी लावावा, असे माझे ठाम मत आहे. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. दोन वर्षांत २४,००० रुपये देऊन २०,००० चे कर्ज २०,००० च राहिले, आणि वर्षाचे १२,००० म्हणजे भावाचा जवळजवळ एका महिन्याचा हातातला पगार. तेच २०,००० रुपये एखाद्या पतसंस्थेकडून १४ टक्क्यांनी एका वर्षासाठी घेतले तर हप्ता सुमारे १,८०० रुपये येतो आणि बारा महिन्यांत विषय संपतो. दरमहा ८०० रुपये जास्त लागतील, हे खरे. म्हणून ते ऑक्टोबरमध्ये, भावजयीचा पगार सुरू झाल्यावर घ्यावे. घरात बांगडीसारखा दागिना असेल तर बँकेचे सोनेतारण आणखी सोपे पडते. दागिना गहाण टाकायला लोक लाजतात आणि सावकाराला मात्र निमूटपणे व्याज देत राहतात, हे मला कधीच पटलेले नाही. हा सावकार परवानाधारक आहे का, हेही विचारा. गोव्यात २००१ च्या कायद्याप्रमाणे सावकारीला परवाना लागतो, आणि परवाना नसलेल्याशी मुद्दलावर तडजोड करणे तुलनेने सोपे जाते.

राज्याच्या योजनांचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून विचारतो: भावजयीने गृह आधार या गृहिणींसाठीच्या मासिक मदतीच्या योजनेचा अर्ज केला आहे का? पती-पत्नीचे एकत्रित वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आणि गोव्यात १५ वर्षांचे वास्तव्य या योजनेच्या मुख्य अटी आहेत. तुमच्या आकड्यांप्रमाणे दोघांचे मिळून २,५१,६०० रुपये होतात, म्हणजे उत्पन्नाच्या मर्यादेत घर बसते. महिना १,५०० म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. सावकाराच्या व्याजाच्या दीडपट. आईला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेखाली महिना २,००० रुपये मिळत नसतील तर तोही अर्ज करावा. हे पैसे कधीकधी उशिरा येतात, त्यामुळे त्यांवर हप्ता बांधू नये. ते सरळ वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि जूनमध्ये काढावेत, म्हणजे शाळेच्या खर्चाला सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही.

स्लिपमधल्या गळतीसाठी एकट्याने तक्रार करू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. एकट्या कामगाराला कंत्राटदार दुसऱ्या दिवशी ‘काम नाही’ एवढेच सांगतो. त्या विभागातल्या सर्वांनी मिळून, सहा महिन्यांच्या स्लिपा, बँकेचे खातेउतारे आणि जादा तासांची स्वतः लिहिलेली नोंदवही घेऊन पणजीला पाटो येथील श्रमशक्ती भवनातील कामगार आयुक्तालयात जावे. नोंदवही साधी चालते. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. वेतनाचा दावा करण्यासाठी नव्या वेतनसंहितेत तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाईने उद्याच जायला हवे असे नाही. आधी कागद गोळा करावेत. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, आणि मोठे कारखाने याला घाबरतात. माझ्या पाहण्यात निम्मे तंटे कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला एक नम्र, आकडेवार पत्र गेल्यावरच मिटतात.

आता गाडा. भावाने नोकरी सोडून गाडा टाकावा, असे मी सध्या सुचवणार नाही. गाड्याचा धंदाही पावसाळ्यातच मंदावतो, म्हणजे घरातले दोन्ही उत्पन्नाचे स्रोत एकाच वेळी आटतील. नोकरी सुटली की निवृत्तिवेतनाची सेवा थांबते आणि विम्याचे संरक्षणही संपते. छोटी कर्जे देणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्था गाड्यासाठी कर्ज देतील. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज मिळते आणि सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. कायद्याने चालणारा हा निम्मा भाग तुमच्या भावाला ऑगस्टमध्ये मुळीच झेपणार नाही. मात्र भावजयीला पावसाळ्याचे चार महिने घरी बसावे लागते, त्या काळात ती घरातूनच काही करू शकते का, हे पाहावे. कारखान्यातल्या पाळीवाल्यांना डबे पुरवणाऱ्या बायका मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाहिल्या आहेत. त्यांना भांडवल थोडे लागते, गिऱ्हाईक नवऱ्याच्याच पाळीत असते आणि पाऊस पडला की डब्यांची मागणी वाढते, कारण कोणी बाहेर जेवायला जात नाही. येत्या जूनमध्ये दहा डब्यांपासून सुरुवात करून पाहावी, सावकाराला फेडण्यासाठी घेतलेले कर्ज तोवर फिटत आलेले असावे, आणि दोन पावसाळे डबे टिकले तर गाड्याचा विचार तेव्हा आकड्यांसह करता येईल. भावाच्या शेवटच्या तीन स्लिपा आणि पासबुकाची पाने पाठवलीत तर खात्यांच्या एकत्रीकरणाचा अर्ज कसा भरायचा, ते मी कळवीन.